वरच्या मजल्यावरची उस्ताझा

हज्जाने आमचं दार पहिल्यांदा वाजवलं ते स्वतःच्या गुडघ्यासाठी. इमारतीची लिफ्ट बंद पडली होती आणि तिला आमच्या वरच्या मजल्यावर जायचं होतं. मी दार उघडलं तर सुदानी बायका नेसतात तसं लांबलचक सुती वस्त्र अंगाभोवती गुंडाळलेली, सत्तरीची एक बाई कठड्याला धरून उभी होती. उर्दूत म्हणाली, "बेटी, बसायला खुर्ची देशील?"

मी नेमकी दिवाबत्ती करत होते. आमचे देव स्वयंपाकघरातल्या एका कपाटात असतात. दार लावलं की बाहेरून कपाटच दिसतं. घाईत ते उघडंच राहिलं होतं. मी फुंकर मारायला वळले तशी ती म्हणाली, "विझवू नकोस. तुझं होऊ दे, मी थांबते." आणि खुर्चीवर बसून आपली जपमाळ ओढत राहिली.

नाशिकला मी बरीच वर्षं फिजिओथेरपिस्ट म्हणून काम केलं. नवऱ्याला जेद्दातल्या एका बँकेत सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि आम्ही तिथल्या अल अझीझिया भागात राहायला आलो. माझा इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, नवऱ्याच्या नावावरचा. त्यावर मला नोकरी करता येत नाही. मुलगी शाळेत, नवरा ऑफिसात आणि मी पोळ्या लाटून झाल्यावर खिडकीत, असं चाललं होतं. त्यामुळे हज्जाचा सुजलेला गुडघा पाहिला आणि मला बरं वाटलं, हे कबूल करते. तिच्या डॉक्टरांनी व्यायाम सांगितला होता, तो ती चुकीचा करत होती. मी तो नीट करून दाखवला. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, मग येतच राहिली.

हळूहळू तिची ओळख होत गेली. हज करून आलेल्या म्हाताऱ्या बाईला हज्जा म्हणतात, म्हणून ती सगळ्यांची हज्जा. तरुणपणी नवऱ्याबरोबर खार्तूमहून जेद्दाला आलेली, आता विधवा. शेजारच्या हैदराबादी बायकांकडून उर्दू शिकलेली. वरच्या मजल्यावरचा मोठा फ्लॅट एका श्रीमंत सौदी बाईंचा. त्यांनी तो देवाच्या नावाने हज्जाकडे सोपवला होता, बायकांना कुराण शिकवण्यासाठी. दुपारच्या नमाजानंतर आजूबाजूच्या बायका तिथे जमत. सुदानमध्ये युद्ध पेटलं आणि त्या फ्लॅटमध्ये गाद्या पडायला लागल्या. पोर्ट सुदानहून बोटीने समुद्र ओलांडून बायका येत होत्या, कुणी मुलांना घेऊन, कुणी एकटीच. नातेवाइकांनी पाठवलेल्या व्हिजावर आलेल्या, पण त्या नातेवाइकांच्या घरात त्यांना जागा नव्हती. किंवा जागा होती, पण त्यांच्यावर जे गुदरलं होतं त्याला जागा नव्हती. दारावर कसलीही पाटी नव्हती. घरमालकीणबाईंच्या पाहुण्या, एवढंच.

एकदा गुडघा वाकवता वाकवता हज्जा म्हणाली, "माझ्याकडे एक मुलगी आहे. तिचा उजवा हात वर जात नाही."

"दवाखान्यात दाखवलं?"

"दाखवलं. खांदा निखळला होता, तसाच कसातरी बसला आणि आता आखडलाय म्हणतात. व्यायाम करून घ्यायला पाठवलं. तिथे टेबलावर झोपवलं आणि ती पळून आली. अनवाणी."

पुढचं हज्जानेच सांगितलं. ती मुलगी खार्तूमजवळ प्राथमिक शाळेत शिकवायची. नवरा इथे, सौदीत. घरात ती आणि सासू. बंदूकधारी घरात घुसले. त्यांनी तिच्यावर बलात्कार केला, हात मागे पिरगाळून धरला तेव्हा खांदा गेला. सासू त्या धक्क्यातून उठली नाही. तिला पुरून ही पोर्ट सुदानला पोचली. नवरा हफ्र अल बातिनला एसी दुरुस्तीचं काम करतो, तो जेद्दाच्या बंदरावर घ्यायला आला होता. त्याच संध्याकाळी तिने त्याला सांगायला सुरुवात केली. पहिलं वाक्य ऐकून तो उठून बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी त्याने तिला हज्जाकडे आणून सोडलं आणि तो परत गेला.

"तो वाईट नाही," हज्जा म्हणाली. "पण मला फोन करतो, तिला नाही. तू येशील वर?"

रात्रीच्या जेवणाला मी नवऱ्याला सांगितलं. तो काळजीत पडला. मग म्हणाला, "आपण इथे नोकरीसाठी आलोय. कोण कुठल्या व्हिजावर राहतंय, आपल्याला काय माहीत? उद्या कुणी विचारलं, तुमची बायको लायसन्सशिवाय उपचार करते, तर?"

"उपचार डॉक्टरच करतायत. त्यांनी लिहून दिलेला व्यायाम मी करून घेणार. शेजारीण म्हणून."

"तुला जायचंच आहे."

"हो."

मुलगी ताटातून वर न बघता म्हणाली, "पप्पा, लेट हर गो. शी इज हॅपियर." नवरा ताट उचलून आत गेला. पण सकाळी निघताना म्हणाला, "त्यांचे रिपोर्ट मागून घे आधी. न बघता हात लावू नकोस." तेव्हा मला कळलं, की हा आता माझ्या बाजूने आहे.

वरच्या फ्लॅटमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा ती भिंतीला पाठ लावून बसली होती. सत्तावीस-अठ्ठावीसची असेल. उंच, सडपातळ, डोळे सरळ समोर बघणारे. सुरुवातीला हज्जा आमची दुभाषी होती. पुढे माझं मोडकं अरबी आणि तिचं शाळेतलं इंग्रजी यांवर आमचं भागलं. मी विचारलं, "खांद्याला हात लावून बघू?" ती 'हो' म्हणाली. पण माझा हात पुढे गेला तसा तिचा खांदा कानाकडे चढला, श्वास थांबला. तोंडाचा होकार होता, शरीराचा नव्हता. मी हात मागे घेतला आणि तिच्यापासून लांब, सतरंजीवर जाऊन बसले.

नाशिकला मी रोज माणसांच्या अंगाला हात लावायचे. विचारायचे नाही, 'ढिलं सोडा' म्हणायचे. इथे ती सवय उपयोगाची नव्हती. मग मी सगळं माझ्या अंगावर करून दाखवायला लागले. पुढे वाकायचं, हात लोंबकळू द्यायचा, घड्याळाच्या लंबकासारखा. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी भिंतीवर चालायचं, जमेल तितकं वर. ती बघून करायची. झोपून करायचे व्यायाम मी सोडून दिले. एकदा दाराला टांगून ओढायला दोरी नेली होती. ती दोरी पाहून तिचा चेहरा उतरला. "ही नको," एवढंच ती म्हणाली. मी दोरी पिशवीत टाकली आणि त्या दिवशी आम्ही नुसता चहा प्यायलो.

माझ्या कामात पेशंटला एक प्रश्न विचारायची पद्धत असते: हाताने तुम्हाला काय करता यायला हवं? कुणी सांगतं वेणी घालायचीय, कुणी म्हणतं स्कूटर चालवायचीय. मी तिलाही तेच विचारलं. मग तिने दोन्ही हात उचलले. डावा कानापर्यंत गेला, उजवा छातीपाशी थांबला.

हज्जाने समजावलं. नमाजाच्या सुरुवातीला हात असे वर न्यायचे असतात. "मी तिला सांगते, जातो तितका पुरे, अल्लाहला माहीत आहे. पण तिला पुरे वाटत नाही."

"त्यांनी माझं बरंच काही नेलं," ती स्वतः म्हणाली. इंग्रजीत, एकेक शब्द जुळवत. "हे मी त्यांना देणार नाही."

मी हिंदू, ती मुसलमान. तिच्या नमाजाचं मला काय कळणार? पण खांदा मला कळत होता, आणि एखादी बाई काहीतरी परत मिळवायला उठते तेव्हा तिच्या नजरेत काय दिसतं, तेही कळत होतं. मी म्हटलं, "नेऊ कानापर्यंत. वेळ लागेल आणि दुखेल."

"दुखू दे," ती म्हणाली.

दुखलंच. चार पावलं पुढे गेलो की तीन मागे यायचो. वाईट स्वप्न पडलं की सकाळी खांदा दगड झालेला असायचा. पण ती एकही दिवस चुकली नाही. एके दिवशी तिनेच माझा हात धरून आपल्या खांद्यावर ठेवला. त्यानंतरही मी प्रत्येक वेळी विचारून हात लावायचे आणि ती प्रत्येक वेळी विचार करून उत्तर द्यायची. कधी 'नाही' म्हणायची. हे 'नाही' म्हणता येणं तिला खांद्याच्या व्यायामाइतकंच औषधी होतं, असं मला आता वाटतं.

त्याच सुमारास घरातली मुलं तिच्याभोवती जमू लागली. आयांबरोबर आलेली ही मुलं, शाळा सुटून वर्ष-वर्ष झालेलं. दिवसभर जिन्यात धिंगाणा घालायची. तिने एक दिवस त्यांना बसवलं आणि अक्षरं गिरवायला लावली. हज्जाने कुठूनसा एक पांढरा फळा आणला. ती त्याच्या खालच्या भागातच लिहायची, हात तेवढाच जायचा. मागची मुलं मान वाकडी करून वाचायची. मुलं तिला उस्ताझा म्हणायची, म्हणजे बाई, शाळेतल्या. मग सगळं घरच तिला उस्ताझा म्हणायला लागलं.

पण घराबाहेरच्यांना सगळंच पटत होतं असं नाही. कुराणाच्या वर्गाला येणाऱ्या एका शेजारणीने एक दिवस विषय काढला. मी स्वयंपाकघरात होते. वर्ग चालू असला की मी तिथेच बसायचे. दार उघडं होतं. ती बाई आवाज बारीक करून बोलत होती, तरी शब्द येत होते. नंतर हज्जाने मला त्यांचा अर्थ सांगितला. हज्जा, तू पुण्याचं काम करतेस, पण जिथे देवाचं नाव घेतो तिथेच अशा बायका ठेवल्यास तर लोक आपल्या मुलींना इथे पाठवणार नाहीत. त्यांची सोय दुसरीकडे कर.

हज्जाने पुस्तक मिटलं. तिचा आवाज चढला नाही.

"ज्याच्यावर जबरदस्ती झाली त्याच्यावर पाप नाही, हे मी तुम्हाला इतकी वर्षं शिकवते आहे. तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. आज ते खरं करून दाखवायची वेळ आली, तर तुम्हाला सोय दुसरीकडे हवी. उद्यापासून वर्ग या खोलीत नाही, आतल्या खोलीत भरेल, माझ्या पाहुण्यांच्या गाद्या असतात तिथे. ज्यांना यायचं त्यांनी यावं."

आतल्या खोलीचं दार उघडलं आणि उस्ताझा बाहेर आली. तिने सगळं ऐकलं होतं. नमाजाची वेळ झाली होती, बायका रांगेत उभ्या राहत होत्या. ती जाऊन त्या शेजारणीच्याच बाजूला उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. शेजारीण क्षणभर अवघडली, पण हलली नाही.

दुसऱ्या दिवशी वर्गाला निम्म्याच बायका आल्या. हज्जाला त्याचं दुःख झालं. त्या दिवशी व्यायाम करताना तिचं लक्ष नव्हतं. पुढे काही परतल्या, काही नाही. ती शेजारीण परतली. येताना मुलांसाठी वह्या आणि रंगपेट्या घेऊन आली.

हिवाळा सरता सरता उजवा हात कानाच्या पाळीपर्यंत पोचला. मी तिथे नव्हते. नमाजात ते आपोआप झालं. ती जिना उतरून आमच्या दारात आली आणि तिने हात वर करून दाखवला. मी हातातलं पीठ तसंच ठेवून तिला मिठी मारायला गेले आणि मधेच थांबले. ती हसली. "तुला आज विचारायची गरज नाही," म्हणाली.

आणि मग तिचा नवरा आला.

हफ्र अल बातिन कुवेतच्या सीमेकडे आहे, जेद्दाहून पार दुसऱ्या टोकाला. तो इतक्या लांबून बसने आला होता. हातात खजुराचा डबा आणि एक नवीन अबाया, इथल्या बायका घालतात तो काळा झगा. दारात उभा असलेला तो मला दिसला तेव्हा वाटलं, हा आजारी असावा. गाल आत गेलेले. हज्जाने त्याला बसवलं, चहा दिला. उस्ताझा समोर येऊन बसली. तिने मला थांबायला सांगितलं म्हणून मी थांबले. त्यांच्या अरबीतलं जे मला कळत नव्हतं ते हज्जा हळूच उर्दूत सांगत होती.

तो म्हणाला, "मी खोली घेतली आहे. तुला न्यायला आलोय."

ती ऐकत होती.

"तिथे आपल्या गावाकडचे लोक आहेत. त्यांना मी सांगितलंय, तू इतके दिवस मावशीकडे होतीस. झालं ते झालं. विसर. मीही विसरेन. पुन्हा त्याचं नाव नको काढायला."

ती म्हणाली, "माझी एक अट आहे. तू माझ्यासमोर बसायचं आणि मी सांगेन ते शेवटपर्यंत ऐकायचं. एकदाच. मधे उठायचं नाही. आणि नंतर मला कधी 'विसर' म्हणायचं नाही."

त्याने हज्जाकडे पाहिलं. हज्जाने कपाकडे पाहिलं. मी मनात म्हणत होते, अगं, तो न्यायला आलाय, जा. नंतर सांग हळूहळू. आपल्याकडच्या कुठल्याही मावशीने हेच सांगितलं असतं, आणि माझ्याही जिभेवर तेच आलं होतं.

"ते ऐकून काय होणार?" तो म्हणाला. "मला नाही जमणार."

"मग मलाही नाही जमणार," ती म्हणाली. "ते माझ्यासोबत येणारच. तुझ्या खोलीत मी एकटीने ते उचलून फिरणार नाही."

तो खजुराचा डबा तिथेच ठेवून निघून गेला. संध्याकाळच्या बसने परत गेल्याचं कळलं.

सगळ्या घरावर अवकळा पसरली. एका म्हाताऱ्या पाहुणीने तिला बोल लावला: असा नवरा मिळतो का आजकाल, सोडून नाही दिलं त्याने. उस्ताझाने फळा पुसला आणि मुलांना गुणाकार शिकवायला घेतला. मी विचारलं, "पश्चात्ताप होतोय?" ती म्हणाली, "भीती वाटते. पश्चात्ताप नाही." खांदा त्या आठवड्यात पुन्हा आखडला. आम्ही भिंतीवरच्या बोटांपासून पुन्हा सुरुवात केली.

हज्जा रोज त्याला फोन करायची. ती त्याला काही समजावत नसे. मी एकदा विचारलं, "काय बोलता?" तर म्हणाली, "जेवलास का विचारते. काम कसं आहे विचारते. त्याची आई गेली ना गं बाई, त्याचंही कुणी विचारायला नको?" खरंच, मी त्या माणसाच्या आईचा विचारच केला नव्हता. त्याने ऐकायचं नाकारलं होतं त्यात त्याच्या आईचा शेवटही होता.

रमजानच्या आधी तो पुन्हा आला. या वेळी हातात काहीच नव्हतं. चहाही नको म्हणाला. "मी ऐकतो," म्हणाला.

ती दोघं आतल्या खोलीत गेली. दार तिने अर्धं उघडं ठेवलं. हज्जा दाराबाहेर जमिनीवर, पाय लांब करून बसली. मी मुलांना घेऊन खाली आमच्या घरी आले. माझ्या मुलीने त्यांना कागदाची विमानं करायला शिकवलं आणि दिवाणखाना विमानांनी भरून गेला. बऱ्याच वेळाने हज्जाचा फोन आला, ये म्हणून.

मी गेले तेव्हा तो स्वयंपाकघरात नळाखाली तोंड धूत होता. डोळे सुजलेले होते. उस्ताझा ओट्याला टेकून उभी होती, दमलेली, पण ताठ. टॉवेलने तोंड पुसून त्याने मला वर्कशॉपमध्ये शिकलेल्या हिंदीत विचारलं: "बहनजी, उसका रोज का एक्सरसाइज क्या है? मुझे भी बताइए."

मी त्याला एकेक प्रकार करून दाखवला. कुठे आधार द्यायचा, कुठे थांबायचं. तो कारागीर माणूस, त्याला सांधा कसा फिरतो हे चटकन कळलं. शेवटी उस्ताझाच बोलली, अरबीत, सावकाश, मलाही कळेल असं. "आणि मला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. नाही म्हटलं तर रागवायचं नाही."

"नाही रागावणार," तो म्हणाला.

ती लगेच गेली नाही. मुलांचे पाढे अर्धवट होते, ते पुरे करून ईदनंतर जाईन, म्हणाली, आणि तो कबूल झाला. निघाली त्या दिवशी मुलं जिन्यात रांगेने उभी होती. हज्जाने तिच्या डोक्यावर हात ठेवून दुआ म्हटली. मी तिला एक डबा दिला, बेसनाचे लाडू. यल्ला, यल्ला, म्हणजे चला, चला, करत तिच्या नवऱ्याने बॅगा उतरवल्या आणि माझ्या नवऱ्याने त्यांना बसस्टँडवर सोडलं.

आता ती हफ्र अल बातिनला आहे. फोन येतो. सगळं छान आहे असं ती म्हणत नाही. काही दिवस तो न बोलता घराबाहेर निघून जातो, काही दिवस तीच दार लावून बसते. पण तो परत येतो आणि तीही दार उघडते. शेजारच्या सुदानी घरांतली मुलं संध्याकाळी तिच्याकडे शिकायला येतात. खांदा शेवटच्या थोड्या अंशात अडतो, तिथून तो पुढे जाणार नाही हे तिला मी सांगितलं आहे. फळ्याच्या वरच्या कडेपर्यंत जातो, तेवढा तिला पुरतो.

मध्यंतरी एका सकाळी ती अचानक जेद्दात उगवली. सोबत एक बाई होती, तोंडावर पदर ओढलेली, तिच्याहून वयाने मोठी. हफ्र अल बातिनलाच राहणारी, कुणाशी न बोलणारी. उस्ताझाने तिला काय विचारलं, ती काय म्हणाली, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. दोघींना तिकडून बसमध्ये बसवून द्यायला उस्ताझाचा नवरा आला होता, आणि पोचेपर्यंत दर थांब्याला त्याचा फोन येत होता, एवढं मात्र ती हसत हसत म्हणाली.

हज्जाने आतल्या खोलीत नवी गादी घातली. त्या बाईने पाणी घेतलं, खाणं नको म्हणाली. उस्ताझा तिच्याशेजारी बसून राहिली. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बाई मसुराची आमटी जेवली. मग उस्ताझाने आपली पिशवी उचलली, कारण रविवारी तिच्याकडे शिकणाऱ्या मुलांची परीक्षा होती आणि तिला परतायचं होतं.